टाकीची किल्ली

किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मला माहीत.
कुताइसीच्या टेकडीवर पाण्याची एक जुनी टाकी,
गोल, काँक्रीटची, बारा वर्षं कोरडी.
पालिका मला तिच्या राखणीचा पगार देते.
राखायचं काय? आत अंधार, गंजलेली शिडी
आणि एकदा सापडलेलं कासव.

तिघं पहिल्यांदा आली तेव्हा वाटलं, प्यायला आलीत.
नुक्री, पावाच्या भट्टीत कामाला, भुवया भाजलेल्या.
ग्वांत्सा, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
आणि त्सोत्ने, जो काहीच करत नाही, असं त्याची आई म्हणते.
"काका, आत जरा आवाज करून बघायचाय."
म्हटलं, करा, माझ्या बापाचं काय जातंय!

मग त्यांनी आवाज केला.

मी सूर्यफुलाच्या बिया मुठीत धरून तसाच उभा.
त्सोत्नेचा आवाज वर, बकरीच्या पिल्लासारखा कड्याकड्याने उड्या मारत,
ग्वांत्साचा मधून, काही सांगत निघाल्यासारखा,
आणि नुक्रीचा तळाशी. एकच सूर. हलायचं नाही.
ती थांबली तरी टाकी गात राहिली.
मी मोजलं. अकरापर्यंत.

पुढे दर गुरुवारी.
नुक्री शर्टाच्या आत पाव आणायचा, गरम.
एकेका ओळीवरून दोन-दोन तास भांडण:
"तू केसभर वर जातोस."
"मी नाही, टाकी जाते."
ऐकायला कोण? मी. आणि मी एका कानाने बहिरा.

एकदा नुक्रीला विचारलं,
तुझा सूर तर कुणाच्या लक्षातही येत नाही रे,
कंटाळत नाहीस?
म्हणाला, "मी गप्प बसतो, तुम्ही ऐका."
दोघंच गायली.
अंधारात जिना उतरताना
शेवटची पायरी नसावी, तसं झालं मला.

वसंतात नातीला गोवर आला.
आमच्याकडे गोवर म्हणत नाहीत, पाहुणे आले म्हणतात.
आवाज चढवायचा नाही, उशाशी फुलं ठेवायची,
गाऊन त्यांना खूश करायचं, गोडीत वाटेला लावायचं.
आईला यायची ती गाणी. मला कुठली यायला!
तिघं आली, बूट दाराबाहेर काढून,
आणि इतकं हळू गायली
की आधी किटली चुलीवरून उतरवावी लागली.
मी पैसे पुढे केले तर ग्वांत्सा ओशाळली,
जणू मीच काही वावगं बोललो.

मग त्बिलिसीहून एक गाडी, पांढरी, नको तितकी स्वच्छ.
टीव्हीवाल्याने सगळं ऐकलं.
डोळे पुसले त्याने, खोटं का बोलू.
म्हणाला, हा एकटा चालेल, दोन मिनिटांत बसवू.
त्सोत्नेला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही.
तीन आठवडे ते कार्ड त्याच्या खिशात होतं,
तीन आठवडे तो खरंच केसभर वर जात होता.
चौथ्या गुरुवारी वाऱ्याने दार सारखं आपटायला लागलं.
त्याने कार्डाची घडी घातली, बिजागरीत खोचली.
कुणी काही बोललं नाही.
नुक्रीने पाव मोडला.

ऑगस्टात पालिकेचं पत्र: टाकीत पाणी सोडणार.
पत्र मी दोन दिवस लपवलं,
म्हातारपणी असले धंदे.
शेवटच्या रात्री म्हटलं, निदान फोनवर तरी भरून घ्या रे.
"बॅटरी संपली," ग्वांत्सा म्हणाली.
तिच्या खिशात उजेड दिसत होता.

आता कुठे गातात, ठाऊक नाही.
रिओनीच्या पुलाखाली, कुणी म्हणतं.
मी गेलो नाही बघायला. तिथे किल्लीवाला कशाला?

पण पहाटे नळ सोडला
की पाण्याआधी थोडी हवा येते,
पाइपात एक सूर धरते,
खालचा, न हलणारा.
मी भांडं तसंच धरून ठेवतो.